पावलागणिक दिवा

घरोघरी दिवे बसवून देणारे पुष्कळ असतात, पण तो दिवा नेमका कधी लागावा आणि किती वेळाने विझावा याचा ध्यास घेतलेलं माणूस विरळाच. दिवेताई त्यांतल्या. खरं नाव त्यांना होतंच, पण ते बहुधा त्यांच्या आईला आणि बँकेलाच ठाऊक असावं. बाकी सगळं जग त्यांना दिवेताई म्हणायचं, आणि त्याही त्या हाकेला ओ द्यायच्या.

एक बटण दाबलं की चार-सहा दिवे ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेळाने लागत जायचे नि विझत जायचे. या प्रकाराला त्यांच्या धंद्यात ‘सीन’ म्हणतात. असे सीन लावणारे बहुतेक जण खुर्चीत बसून अंदाजाने आकडे ठोकून देतात, आणि दिवेताईंना या मंडळींचा भारी राग. अशाच एका महाभागाने कुणाच्या तरी जेवणघरात सीन लावला होता, तेव्हा पाहुण्यांनी पहिला घास उचलला आणि घरात काळोख झाला. ही गोष्ट त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि प्रत्येक वेळी पाहुण्यांची संख्या थोडी वाढलेली असे.

त्यांची स्वतःची रीत वेगळी होती. ज्याच्यासाठी दिवे लावायचे त्याला त्या घरातून प्रत्यक्ष चालायला लावायच्या, आणि तो एकेका दिव्याजवळ पोचला की मोबाईलवर अंगठा टेकवायच्या. दोन टेकवण्यांमधला वेळ अ‍ॅप लक्षात ठेवायचं. मात्र चालणाऱ्याकडे त्या मुळीच बघायच्या नाहीत. कुणी बघतंय म्हटलं की माणूस फोटोला उभा राहिल्यासारखा ताठ चालतो, हा त्यांचा अनुभव. म्हणून त्या पाठ फिरवून उभ्या राहायच्या, मान खाली, डोळे मोबाईलवर, आणि निव्वळ कानाने काम करायच्या. घरातली कुठली फरशी वाजते, कुठली पायरी कुरकुरते, हे आधी स्वतः चालून पाठ करून ठेवायच्या. वीस वर्षांत त्यांच्या कानाने त्यांना एकदाही दगा दिला नव्हता.

त्या दिवशी दुपार कलल्यावर त्या एका चढावरच्या रस्त्याला असलेल्या उंच, अरुंद घरात गेल्या. घरात एक वयस्कर गृहस्थ एकटेच राहायचे. आयुष्यभर औषधाचं दुकान चालवलेलं, स्वभावाने गोड, पण आता डोळे पार अधू झालेले. उजेडात अंदाजाने चालायचे, अंधार पडला की मात्र काहीच दिसायचं नाही. बरं, एकदम लख्ख उजेड केला तरी त्यांच्या डोळ्यांसमोर पांढरा पडदा यायचा. झोपायची खोली वर आणि त्यांचं इंजेक्शन खाली स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये. रोज झोपण्याआधी एक फेरी चुकायची नाही. मागच्याच महिन्यात ते जिन्यावरून पडले होते. नशिबाने हाड मोडलं नाही, पण त्यांच्या लेकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

लेक दूरच्या शहरात नोकरीला. पंधरवड्याची रजा काढून आलेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायची होती.

“आधी इथे सेन्सर बसवले होते,” तिने दिवेताईंना जिन्याखालचा बोर्ड दाखवत सांगितलं. “कुणी चाललं की दिवा आपोआप लागेल म्हणाले. तर कुणी नसतानाच लागायचे. कंपनीचा माणूस म्हणतो, पालीमुळे होतं.”

“एवढी शिकलेली पाल?” दिवेताई म्हणाल्या.

लेक हसली नाही. “काढून टाकले मी ते सगळे. आता नुसतं वेळेवर चालणारं काहीतरी करा. बाबांनी बटण दाबलं, की त्यांच्या चालीने एकेक दिवा हळूच लागला पाहिजे. हे आज जमलं तर ठीक. नाही जमलं तर उद्या मी त्यांना माझ्याबरोबर घेऊन जाणार. माझ्या दीड खोलीत, सासूबाईंच्या पलंगाशेजारी. मला तरी कुठे हौस आहे हो? पण त्यांना अंधारात पडायला कसं ठेवू?”

म्हाताऱ्या काकांनी हे ऐकलं असावं. लेक औषधं आणायला बाहेर पडल्यावर ते दिवेताईंजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “पोरी, आता सगळं तुझ्या हातात आहे बघ. मला इथून हलवू देऊ नकोस. इथे मी एकटा नाही.”

‘एकटा नाही’ याचा अर्थ दिवेताईंनी आपल्या परीने लावला. शेजारीपाजारी असतील, ओळखीचा रस्ता असेल. त्यांना म्हाताऱ्याची दया आली. “काळजी करू नका काका. तुमच्या पावलाच्या आधी दिवा लागेल,” असं त्या अगदी छातीठोक म्हणाल्या.

सहा दिवे होते. खोलीतला, बोळातला, जिन्याच्या तोंडाशी, वळणावर, जिन्याच्या पायथ्याशी आणि शेवटचा स्वयंपाकघरात. ताईंनी स्वतः दोनदा फेरी मारली. खोलीचा उंबरठा लाकडी होता, पाय पडला की ‘ठप्’ वाजायचा. बोळातली एक फळी किरकिरायची. वळणावरची पायरी सैल होती. पायथ्याची फरशी पोकळ होती, तिचा आवाज वेगळाच. अशी खुणांनी भरलेली वाट मिळाली म्हणून त्या खूश झाल्या. खिडक्या लावून, पडदे ओढून घेतल्यावर घरात काळोख झाला. बंद घरात वास येत होता, ओली लोकर कपाटात ठेवून विसरल्यासारखा. एवढ्या वरच्या, कोरड्या घरात ओल कुठून आली असेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

काका वर जाऊन पलंगावर बसले. ताई खाली स्वयंपाकघराच्या दारात, जिन्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“काका, निघा! रोजच्यासारखे या, घाई करू नका.”

थोडा वेळ काहीच नाही. मग उंबरठा वाजला. ठप्. ताईंनी अंगठा टेकवला. पावलं बोळातून आली, फळी किरकिरली. अंगठा. जिन्याचं तोंड. अंगठा. म्हातारा आपल्याला वाटला त्यापेक्षा चपळ आहे की, असं त्यांना वाटलं. पावलं हलकी होती, एकसारखी, न अडखळता उतरणारी. सैल पायरी वाजली. पायथ्याची पोकळ फरशी वाजली. मग पावलं स्वयंपाकघरापर्यंत आली आणि त्यांच्या पाठीशी, अगदी हातभर अंतरावर, थांबली.

“शाब्बास काका,” ताई मान वर न करता म्हणाल्या. “एका फेरीत काम झालं. उगाच घाबरवलं मला तुमच्या लेकीने.”

उत्तर आलं नाही. नुसता तो ओल्या लोकरीचा वास आला, आता जास्तच जवळून.

आणि वरून, खोलीतून, काकांचा आवाज आला. “पोरी, निघू का गं आता? माझी एक चप्पल सापडत नव्हती. काठी घेऊनच येतो.”

दिवेताईंनी मागे वळून बघायला हवं होतं, पण मान वळेना. मोबाईलच्या काचेवर सहाही खुणा उमटलेल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण काठीचा आवाज ऐकलाच नव्हता. चपलांचाही नाही. ती अनवाणी पावलं होती.

अखेर त्या वळल्या. मागे कुणी नव्हतं. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबून स्वयंपाकघरातला दिवा लावला, नळाखाली हात धरले आणि स्वतःला बजावलं की जुनं लाकूड वाजतंच, आणि आपण सकाळपासून नीट जेवलेलोही नाही. माणूस घाबरला की अशी कारणं पटापट सुचतात. त्यांनी ती नोंद पुसून टाकली.

दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी आपली वीस वर्षांची रीत मोडली आणि तोंड जिन्याकडे करून उभ्या राहिल्या. काका उतरले. आधी काठीची टकटक, मग एक पाय, मग दुसरा, मग जरासा दम. पहिल्या फेरीच्या दुपटीहून जास्त वेळ लागला. ताईंनी प्रत्येक दिव्यापाशी अंगठा टेकवला, आकडे दोनदा तपासले आणि सीन पक्का केला.

लेक परत आली, तेव्हा बाहेर अंधारू लागलं होतं. “झालं?” तिने दारातूनच विचारलं.

“एकदा चालवून बघू,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

काका वर गेले. उशाशी असलेलं बटण त्यांनी दाबलं. खोलीतला दिवा हळूच उजळला. बोळातला लागला, तशी खोलीतला मंदावत विझला. ठरलं होतं तसंच. पण काका अजून उंबरठ्यावरच होते आणि जिन्याच्या तोंडाशी दिवा लागलासुद्धा. मग वळणावरचा. दिवे पुढे पळत होते, हलक्या, एकसारख्या, न अडखळणाऱ्या चालीने. मोबाईलवर काकांच्या फेरीचे आकडे जसेच्या तसे दिसत होते, पण ही चाल काकांची नव्हती. ताईंचा अंगठा ती ओळखून होता. तासाभरापूर्वीच त्याने ती टिपली होती.

“अहो, हे काय? बाबा अजून वरच आहेत!” लेक ओरडली.

काका थांबले नाहीत. जिन्याच्या तोंडाशी आले, तोवर तिथला दिवा विझला होता. वळणावरचाही विझला. तरी ते काळोखात उतरू लागले. काठीचा आवाज येत नव्हता.

“काका, थांबा! जागचे हलू नका!”

पावलं उलट भरभर पडू लागली. काका पळत होते. अंधारात ज्याला हाताचं बोट दिसत नाही, तो ऐंशीला टेकलेला माणूस जिन्यावरून पळत होता. दिवेताईंनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि तशाच वर धावल्या. सैल पायरीवर त्यांनी काकांना कवेत धरलं. काकांचा एक पाय हवेत होता. काठी त्यांनी काखेत मारली होती आणि उजवा हात पुढे पसरलेला होता, मूठ अर्धवट मिटलेली. ताईंनी तो हात धरला आणि चटकन सोडला. बाकीचं अंग घामाने निथळत होतं, पण तो हात मनगटापर्यंत बर्फासारखा गार होता.

त्यांनी काकांना पायरीवरच बसवलं. भीतीचा राग होतो तसा लेकीचा झाला, आणि तो दिवेताईंवर निघाला. “एवढं साधं काम जमत नाही तुम्हाला? जीव गेला असता त्यांचा!”

“तिला बोलू नकोस, चिमे,” काका धापा टाकत म्हणाले. “तिची चूक नाही. ही चाल तुझ्या आईची आहे. ती अशीच उतरते, भरभर. मला हात देते आणि नेते खाली. रोज नेते.”

लेकीने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बाबा... आई कशी असेल इथे? आई गेल्यावर आपण हे घर घेतलं. तिने हे घर पाहिलंच नाही.”

काकांनी काखेतली काठी मांडीवर आडवी घेतली. ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. पण एखादी गोष्ट मनाआड करायची म्हटली की माणूस ती किती खोल पुरू शकतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“मग हात कुणाचा आहे गं?” त्यांनी विचारलं.

लेक जिन्याच्या वरच्या तोंडाकडे बघू लागली.

“मागच्या महिन्यात तुम्ही पडलात, तेव्हा...” ताईंनी हळूच विचारलं.

“त्या दिवशी मी हात सोडवून घेतला. फार गार लागला म्हणून. बस्, एवढंच. तर ती रागावली.” काकांनी गार पडलेला हात दुसऱ्या हाताने चोळला. “पण दुसऱ्या दिवशी आली परत. माझ्याकडे दुसरं कोण येतं?”

हा माणूस घाबरलेला नव्हता, हे दिवेताईंना कळलं. तो एकटा होता, आणि जे काही हाताला लागलं ते त्याने आपल्या माणसाच्या नावाने घट्ट धरलं होतं. त्यांनी त्याला शब्द दिला होता. तो आता मोडावा लागणार होता.

त्यांनी काकांना खाली आणून दारातल्या खुर्चीवर बसवलं, लेकीला बाजूला नेलं आणि काहीही हातचं न राखता पहिल्या फेरीची गोष्ट सांगितली. पाठीशी येऊन थांबलेल्या पावलांचंही सांगितलं. “मॅडम, मला वेड लागलंय असं म्हणा हवं तर. माझं काम मला येत नाही असं चारचौघांत सांगा. पण काकांना इथे ठेवू नका. उद्यापर्यंतसुद्धा नको.”

लेकीने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि बॅग काढली.

मग सगळी धांदल उडाली. कपडे कोंबले गेले, औषधं पिशवीत गेली, इंजेक्शनं बर्फाच्या डब्यात. काका दारातल्या खुर्चीवर बसून होते. त्यांनी ना विरोध केला, ना कशाला हो म्हटलं. लेकीने गाडी बोलावली. रात्र लेकीच्या चुलतबहिणीकडे काढायची आणि सकाळी पुढे निघायचं, असं ठरलं.

“तुम्हीही चला ताई, वाटेत बसच्या थांब्यावर सोडते,” ती म्हणाली. तिच्या आवाजातला राग आता पार विरला होता. “मागे तुम्ही बाबांजवळ बसा. मी पुढे बसते, त्या ड्रायव्हरला रस्ता दाखवावा लागेल.”

“तुम्ही सामान घ्या. मी मेन बंद करते, कुलूप लावते आणि काकांना हात धरून आणते,” ताई म्हणाल्या. काकांकडे वळून त्या म्हणाल्या, “काका, इथेच बसून राहा हं. मी येईपर्यंत उठायचं नाही.”

काकांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

बोर्ड जिन्याखाली होता, वाकून आत जावं लागायचं. मेन स्विच जुना आणि घट्ट. दिवेताईंनी दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे तो खट्कन खाली पडला आणि घर अंधारात बुडालं. त्यांनी श्वास रोखून कानोसा घेतला. ठप् नाही, किरकिर नाही. वरची फळी गप्प होती. आणि तो ओल्या लोकरीचा वासही आता येत नव्हता. घर एकदम साधं, रिकामं घर झालं होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

पिशवी मात्र सापडेना. मोबाईलचा उजेड पाडून त्यांनी ती स्वयंपाकघरातून शोधून काढली, खांद्याला लावली आणि दाराशी आल्या.

खुर्ची रिकामी होती. काठी खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवलेली होती. बाहेर अंगणातल्या दगडी पायऱ्या मिट्ट काळोखात होत्या आणि खाली उताराच्या वळणावर गाडीचे मागचे लाल दिवे दिसेनासे होत होते.

दिवेताईंना आधी रागच आला. माणसं इतकी घायकुतीला येतात की बोलावलेल्या माणसाला टाकून निघतात! त्यांनी लेकीला फोन लावला.

“अहो मॅडम, मला इथेच सोडून निघालात की! आणि काकांची काठीही राहिली. त्यांना पायऱ्या कुणी उतरवून दिल्या, ड्रायव्हरने का?”

पलीकडे नुसता गाडीचा आवाज. मग लेक बोलली, ती अगदी दबक्या आवाजात, ओठ न हलवता बोलावं तशी.

“ताई... असली मस्करी नका करू. तुम्ही मागे बसला आहात ना? मी विचारलं, बसलात का दोघं... बाबा हो म्हणाले. तुम्ही त्यांना हात धरून आणलंत... मी अंधारात पाहिलं...”

“मॅडम, मी घराच्या दारात उभी आहे. मागे वळून बघा.”

ती वळली की नाही, कळलं नाही. तिचा आवाज आला नाही. आला तो काकांचा, मागच्या सीटवरून, कधी नव्हे इतका खुशीतला.

“चिमे, तुझ्या बाजूची काच जरा वर घे गं. हिला वारा लागतोय.”